यानावाराच्या कमानींपाशी

ग्लासगोतल्या फेब्रुवारीला इथली माणसं एका शब्दात निकालात काढतात : ड्रीख. करडं आभाळ, धड न पडणारा आणि धड न थांबणारा पाऊस, दुपारी तीनलाच लावावे लागणारे दिवे, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. मोज्यांपासून माणसांच्या आवाजापर्यंत सगळ्याला ओल लागलेली असते. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये परवा अशाच एका ओल्या दुपारी फियोना माझ्यासमोर सूपचा वाडगा घेऊन बसली. आम्ही खाणींसाठी पंप बनवतो. दगडाचा चुरा मिसळलेला जाडसर गाळ उपसणारे, माणसाच्या उंचीचे पंप. फियोना आमच्याकडे नवी आहे. पुढच्या आठवड्यात ती पेरूला निघाली आहे, अरेकिपा शहराजवळच्या तांब्याच्या खाणीवर.

"तू गेली होतीस ना तिथे? मला एक रविवार मोकळा मिळेल. काय बघू?"

"यानावारा," मी म्हटलं. "शहराचा जुना भाग आहे. तिथे एक मिराडोर आहे. सकाळी जा, ढग यायच्या आत."

"मिराडोर म्हणजे?"

"उभं राहून बघायची जागा. खाली सगळं शहर दिसतं, समोर ज्वालामुखी."

तिने पेनने हातावर नाव लिहून घेतलं. "सुंदर आहे का गं?"

"हो," म्हटलं आणि उठले. माझं सूप तसंच राहिलं. त्या जागेबद्दल मला याहून जास्त कुणाला सांगता येत नाही. पण फेब्रुवारी आला की माझं मन तिथेच जाऊन बसतं.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात आई पुण्याहून माझ्याकडे आली होती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. साउथसाइडच्या माझ्या जुन्या दगडी इमारतीतल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या छताला दोरीने वरखाली होणारी कपडे वाळवायची काठी आहे. इथे तिला पुली म्हणतात. आई त्या पुलीवर पाचवारी साड्या घालायची. दोन-दोन दिवस त्या वाळायच्या नाहीत, आणि भाजी फोडणीला टाकताना माझ्या डोक्यावर पदर लागायचे. मी वैतागायचे. आता त्या पुलीवर माझ्या तीन जीन्स असतात. त्या वेळेवर वाळतात.

आई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने गावोगावच्या माणसांची माणसांशी गाठ घालून दिली. त्यामुळे असेल, ती बोलायची कमी आणि ऐकायची फार. समोरचा नुसता श्वास घेऊन थांबला तरी तिला कळायचं की आता हा रडणार आहे की खोटं बोलणार आहे.

जानेवारीच्या शेवटी पेरूच्या खाणीवर बसवलेल्या आमच्या पंपांनी असहकार पुकारला आणि सहा आठवड्यांसाठी मला पाठवायचं ठरलं. आईला एकटीला ग्लासगोत कुठे ठेवणार? हीटिंगचं बटण तिला अजून जमत नव्हतं. म्हणून तिलाही घेऊन गेले. विमानातून आधी नुसतं तपकिरी वाळवंट दिसलं. तासाभराने एकदम पांढरं शहर आलं. ज्वालामुखीच्या राखेचा थिजून झालेला पांढरा, सच्छिद्र दगड असतो, त्याला तिथे सियार म्हणतात. स्पॅनिश लोकांनी त्याच दगडात चर्चेस बांधली, मठ बांधले, चौक आणि कमानी बांधल्या. पाऊस पडला की त्या दगडाला ओल्या खडूसारखा वास यायचा. आई पहिल्या दिवशी भिंतीला नाक लावून म्हणाली, "शाळेचा वास आहे गं या गावाला."

आमचा फ्लॅट यानावारात होता, मिराडोरपासून चार गल्ल्यांवर. एक छोटा चौक, त्यात उंच ताडाची झाडं, बाजूला दर्शनी भिंतभर वेलबुट्टी आणि देवदूत कोरलेलं चर्च, आणि चौकाच्या टोकाला शंभराहून जास्त वर्षांच्या पांढऱ्या कमानींची रांग. कमानींवर स्पॅनिशमध्ये अक्षरं कोरलेली. एकेका कमानीखाली उभं राहिलं की खाली शहर पसरलेलं आणि त्यामागे मिस्ती नावाचा ज्वालामुखी. सगळ्या पोस्टकार्डांवर तो असतो, मुलांनी चित्रात काढावा तसा नीटस त्रिकोणी. आम्हाला मात्र पहिले चार आठवडे तो दिसलाच नाही. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, पण अँडीजमध्ये पाऊस याच दिवसांत येतो. कमानींमधून बघावं तर डोंगराच्या जागी नुसता ढग.

खाणीची बस मला पहाटे पाचला न्यायची आणि संध्याकाळी सहाला आणून सोडायची. आई दिवसभर काय करते, हे मला तिच्या बोलण्यातूनच कळायचं. ती रोज सकाळी मिराडोरला जायची. तिथे सेन्योरा ख्वाना नावाची बाई आइस्क्रीम विकायची.

"अगं, आपलं पॉटचं आइस्क्रीमच ते," आई सांगायची. "आपण मे महिन्यात हँडल फिरवायचो ना, तसं. इथे हँडल नाही. बर्फात ठेवलेलं भांडंच हाताने गरागरा फिरवतात आणि कडेला धरलेलं खरवडून घेतात. वरून दालचिनी. आज मी फिरवलं थोडा वेळ."

"तुम्ही बोलता काय एकमेकींशी?"

"ती तिचं बोलते, मी माझं. तिची मुलगी चिलीत असते. दोन वर्षांत आली नाही."

"आई, तुला स्पॅनिश येत नाही. तुला कसं कळलं?"

"कळलं," आई म्हणायची.

तिच्याकडे एक तपकिरी पुठ्ठ्याची चित्रवही होती. ग्लासगोतही मी ती पाहिली होती, पण कुठून आली असं विचारलं नव्हतं. रात्री जेवताना ती मला पानं दाखवायची. कमानी, ताड, चर्चवरचे देवदूत, सेन्योरा ख्वानाची हॅट. रेघा कच्च्या होत्या, पण माणूस नजर लावून बसलं होतं हे दिसायचं. प्रत्येक पानावर कमानींच्या मधोमध कोरी जागा.

"इथे डोंगर येणार आहे," ती म्हणायची. मी "छान" म्हणायचे आणि लॅपटॉप उघडायचे.

तेव्हाची मी मला आता आवडत नाही. पण ती दुष्ट नव्हती, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. ती दमलेली होती. पंपांची सीलं गळत होती, ग्लासगोहून रोज विचारणा होत होती. शिवाय तिच्या मनात एक मोठा बेत होता : आईला कायमचं आपल्याकडे आणायचं. त्यासाठी ती ग्लासगोत एका सॉलिसिटरला दोनदा भेटून आली होती. आपण आईला जग दाखवतो आहोत, तिच्या म्हातारपणाची सोय लावतो आहोत, या कल्पनेची तिला ऊब होती. माणूस एकदा दुसऱ्याची सोय लावायला निघाला की त्याला काय हवंय ते विचारायचं राहूनच जातं.

माझ्या घराजवळ क्वीन्स पार्कात एक टेकडी आहे. वर झेंड्याचा खांब आहे आणि तिथून अख्खं ग्लासगो दिसतं. मनोरे, गॅसवर्क्स, हवा चांगली असेल तर पलीकडचे डोंगर. दर फेब्रुवारीत मी एकदा तरी तिथे चढून जाते. बाकावर बसलेली म्हातारी जोडपी बघते. परवा एक आजोबा आपल्या बायकोच्या कोटाची बटणं लावून देत होते. बोटं वाकडी झालेली, एक बटण लावायला मिनिटभर लागत होतं, आणि ती हनुवटी वर करून, लहान मुलीसारखी स्थिर उभी होती. मला बघवेना. मी उतरून आले.

पाचव्या रविवारी सकाळी आठला आईने मला हलवून उठवलं.

"ऊठ गं. दिसतोय."

मी नाइटसूटवर जॅकेट चढवलं आणि तिच्यामागे धावले. रात्री पाऊस धो धो पडून गेला होता आणि आकाश पुसून ठेवल्यासारखं निळं झालं होतं. कमानीखाली आलो आणि समोर मिस्ती. त्याच्या माथ्यावर ताजं बर्फ, उतारावर जांभळी सावली, पायथ्याशी हिरव्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि मग ते पांढरं शहर, कॅथीड्रलचे दोन मनोरे उन्हात चमकणारे. एवढा मोठा डोंगर चार आठवडे आपल्यासमोर होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, याचं मला हसूच आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईने मोरपंखी रेशमी साडी नेसली होती. खाली बूट, वर स्वेटर, पण साडी ठेवणीतली. केसही नीट विंचरलेले. मला वाटलं, फोटोसाठी. मी फोटो काढला. त्यात ती इतकी हसते आहे, की तो मी कधी कुणाला दाखवलेला नाही.

"बस जरा," ती म्हणाली. "बोलायचंय."

आम्ही बाकावर बसलो.

"साळवींना ओळखतेस ना?"

मी त्यांना दोनदा भेटले होते. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. आईच्या शेजारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. सकाळी वाचनालयात दोघं मिळून शब्दकोडं सोडवतात, एवढं मला माहीत होतं.

"ही वही त्यांनी दिली," आई म्हणाली. "म्हणाले, नुसते फोटो काढून आणू नका. बसून बघा आणि काढा, म्हणजे परत आल्यावर मला सांगता येईल." ती थांबली. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचं बोलणं जड जात होतं. "आम्ही एकत्र राहायचं म्हणतोय. रजिस्टर लग्न करू, साधंच. तुझ्याशी बोलल्याशिवाय नको, असं मी म्हटलं."

"त्यांनी विचारलं तुला?"

"नाही," आई म्हणाली आणि लाजली. "मी विचारलं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. खाणीवरून होता. या फोनमुळे माझं डोकं फिरलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. फोन मी कापला होता. पुढे जे बोलले ते पूर्ण शुद्धीवर बोलले.

"आई, त्यांना बायको नकोय. त्यांना सेवा करणारी बाई हवीय. सत्तरीला टेकलेत ते. उद्या गुडघे जातील, परवा डोळे. बाबांचं तीन वर्षं अंथरुणात सगळं केलंस, ते पुरलं नाही का? आणि मी तिकडे तुझ्यासाठी सॉलिसिटरकडे खेपा घालतेय, त्याचं काय?"



"तू एकदा त्यांच्याशी फोनवर बोलून बघतेस का?"

"मला गरज वाटत नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिचं हे 'बरं' मला लहानपणापासून माहीत होतं. शाळा लवकर सुटली की मी एक्स्चेंजमध्ये तिच्या खुर्चीमागे जाऊन बसायचे. पलीकडचा माणूस उर्मटपणे बोलला की ती आवाज न चढवता 'बरं' म्हणायची आणि प्लग काढून घ्यायची. तिने चित्रवही पिशवीत ठेवली. डोंगर समोर लख्ख उभा होता. तिने तो काढला नाही.

तेवढ्यात सेन्योरा ख्वाना दोन छोटे कप घेऊन आली. पैसे घ्यायला तयार नव्हती. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मि इहा." माझी मुलगी. एवढं स्पॅनिश ती शिकली होती. सेन्योराने माझ्या गालाला गाल लावला, माझा चेहरा कौतुकाने न्याहाळला, मग आईकडे वळून भुवया उंचावल्या. नुसत्या भुवया. आणि मला कळलं की या बाईला सगळं माहीत आहे. आज आई मुलीला सांगणार, हे तिला ठाऊक होतं. मराठी-स्पॅनिशच्या मधल्या कुठल्या तरी भाषेत, आइस्क्रीमचं भांडं फिरवता फिरवता, आईने माझ्याआधी कुणाला सांगितलं असेल तर ते तिला.

आईने मान हलवली. नाही.

 सेन्योराने आईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आपल्या जागी गेली. मी आइस्क्रीम खाल्लं. चांगलं होतं. दहाच्या सुमाराला खालून ढग चढायला लागले, आणि मी फोन करायला फ्लॅटवर परतले.

उरलेल्या आठवड्यात आई रोज मिराडोरला गेली, पण वही घरीच राहायची. मार्चमध्ये ती पुण्याला गेली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. लग्न झालं नाही, एवढं मला न विचारता कळलं. माझ्या मोठ्या बेताचंही काही झालं नाही. सॉलिसिटरने शेवटी स्वच्छ सांगितलं की धडधाकट आईला इथे कायमचं आणायचा रस्ता जवळजवळ बंदच आहे. म्हणजे ज्या सोयीपायी मी तिला अडवलं, ती सोय नव्हतीच. ती पुण्यात एकटी, मी ग्लासगोत एकटी, आणि मधे रविवारचा व्हिडिओ कॉल.

त्या कॉलमध्ये साळवींचं नाव अधूनमधून यायचं, चालता चालता वाटेत झाड लागावं तसं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा "साळवी होते ना बरोबर." मनगट मोडलं तेव्हा "दीड महिना डबा साळवींनी आणला. भेंडी बरी करतात." मी ऐकायचे आणि विषय बदलायचे. मी ज्याला सेवा करून घेणारा माणूस म्हटलं होतं, तो माणूस माझ्या आईच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा ड्रॉप्स घालत होता, आणि मी पाच हजार मैलांवरून तिला म्हणत होते, "टेक केअर हं आई."

दोन वर्षांनी त्यांचा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. त्यांना जायचं नव्हतं, पण तिसऱ्या मजल्याचे जिने होईनात. मग त्यांचे आईला फोन यायचे, मग तेही कमी झाले. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आई म्हणाली, "सोसायटीत लिफ्टचं काम निघालंय. चार दिवस आवाज आहे नुसता. आणि साळवी गेले."

"कधी?"

"झाले पंधरा दिवस."

पंधरा दिवस. मधे दोन रविवार येऊन गेले होते. त्यातल्या एका रविवारी तिने मला थालीपिठाची कृती सांगितली होती.

मागच्या डिसेंबरात मी पुण्याला गेले. विमानात नऊ तास मी एकच वाक्य घोळवत होते. चौथ्या दिवशी दुपारी आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. त्र्याहत्तर वर्षांची आहे आता. मी समोर बसले.

"आई, तेव्हा मी जे बोलले ते फार चुकलं माझं."

"कधी?"

"अरेकिपात. साळवींबद्दल."

तिने वर पाहिलं. "तू नको म्हणालीस म्हणून मी थांबले, असं वाटतं तुला?"

"मग?"

"मी घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. एकमेकांपासून काही लपवायचं नाही असं ठरलं होतं आमचं. सेवा करणारी बाई हवीय असं तू म्हणालीस, तेही सांगितलं. मला वाटलं, हसतील."

"हसले नाहीत?"

"नाही.  म्हणाले, मुलीला तसं वाटत असेल तर ते खोटं आहे हे दाखवायला वेळ द्यायला हवा. घाई नको." तिने एक काडी बाजूला टाकली. "त्या दिवसापासून त्यांनी या घरात माझ्या हातचं काही घेतलं नाही. दोन वर्षं. रोज यायचे, पण चहा थर्मासमधून घरून आणायचे. दोघांचा. कपसुद्धा आपले आणायचे आणि धुऊन परत न्यायचे. पाणी प्यायचं तर स्वतःच्या बाटलीतलं."



"भांडले मी एकदा," आई म्हणाली. "म्हटलं, अहो, एक कप चहा केला म्हणून कोणी सेवा करणारी बाई होते का? तर म्हणाले, तुमची मुलगी येईल तेव्हा तिच्यासमोर मला ताठ मानेने विचारता यायला हवं. तेव्हा तुम्ही करा चहा. मी दोन कप घेईन."

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"ते म्हणाले होते, सांगू नका. ती आली की मीच बोलेन." आईचे हात थांबले नव्हते. "तू आलीच नाहीस ना त्या दोन वर्षांत."

मी आठवून बघितलं. पहिल्या वर्षी चिलीचं काम निघालं होतं. दुसऱ्या वर्षी रजा होती, पण मी मैत्रिणींबरोबर पोर्तुगालला गेले होते. आठ दिवस. हवा छान होती.

खाली लिफ्टवाल्यांचं ड्रिल सुरू झालं आणि थांबलं. मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली आणि सोडली.

"देठं घेऊ नकोस," आई म्हणाली. "नुसती पानं."